मुंग्यांची बरणी

"आई, रेवा कुठंय?"

वैजू दारात चपला काढता काढता विचारत होती. रोजचाच प्रश्न. पतसंस्थेतून सुटली की ती आधी आमच्याकडे यायची, लेकीला कडेवर घ्यायची आणि दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या घरी जायची. मी दळण आणून परातीत ओतलं होतं आणि गरम पीठ हातानं पसरत होते. म्हटलं, "आत झोपली असेल बघ."

ती आत जाऊन आली. रेवा आत नव्हती. मग यांच्याजवळ असेल, असं मी म्हणाले. पण हे व्हरांड्यात एकटेच पेपर वाचत बसले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मलाच विचारलं, अगं, गिरणीवर नेलीस ना तिला?

मी पिठाकडे बघितलं. गिरणीवर मी गेले होते, हे त्या पिठावरून दिसत होतं. जाताना कडेवर कोण होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.

वैजू अनवाणीच पळाली. ती कोपऱ्यापर्यंत पोचते तोच गिरणीवाल्या खोतांची छबू रेवाला घेऊन येताना दिसली. पोर पांढरीफटक झाली होती. केसांत पीठ, भुवयांवर पीठ, हातात गुळाचा खडा, आणि तोंडभर हसू. छबूला कुजबुजणं माहीत नाही. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यामुळे तिचं साधं बोलणंही गल्लीला ऐकू जातं.

"काकी, डबा तेवढा न्हेलासा आन प्वार इसरलासा व्हय? म्या म्हन्लं येत्याल आता, येत्याल आता."

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. वैजू माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "आई, ही रस्त्यावर गेली असती तर?"

कराडच्या आमच्या कॉलनीतून कारखान्याकडे जाणारा रस्ता गिरणीच्या दारातूनच जातो. हंगामात त्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर सारखे धावत असतात. रेवा तेव्हा नुकती पळायला शिकली होती. मी पुढं होऊन तिच्या केसांतलं पीठ झाडायला हात नेला, तर वैजूनं लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तेवढंच. पण ते खांदा बदलणं माझ्या मनातून आजही गेलेलं नाही.

तोवर घरात माझ्या डोक्याचा मोठा लौकिक होता. कुणाचं लग्न कोणत्या साली, कुणाच्या बारशाला कोण रुसून गेलं, कुणाला शेंगदाण्याचं कूट चालत नाही, सगळं मला पाठ. हे चारचौघांत म्हणायचे, आमच्याकडे कॅलेंडर घ्यावं लागत नाही, मालन आहे. आणि त्याच मालननं त्या थंडीत आमटीत दोनदा मीठ घालायला सुरुवात केली. जेवता जेवता डुलकी लागायची. उंबऱ्याला ठेच लागायची. बोलता बोलता पुढचा शब्दच सापडेना. जीभ सारखी टाळूला चिकटायची, म्हणून उठसूट पाणी पीत बसायचे.

मी हे कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईचं अखेरीला असंच झालं होतं. मी तिला न्हाऊ घालत होते आणि ती मला विचारत होती, बाई, तुम्ही कुणाच्या? ते मला सारखं आठवायचं. म्हणून मी हसून वेळ मारून न्यायची. मीठ जास्त झालं की म्हणायची, प्रेम जास्त झालं. लाज वाटायची, दुसरं काय.

आता यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे, बाळकृष्ण निकम, साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट हातात घेतला की डोळे मिटून त्याचं माप सांगायचे. कुठली वस्तू कुठल्या खणात, हे त्यांना विचारावं लागायचं नाही, आणि वाया जाऊ दिलेली एकही वस्तू त्यांच्या नावावर नव्हती. निवृत्त झाल्यावर असा माणूस घरात बसला की घराचंच स्टोअर होतं. आमच्या डाळी-मसाल्यांची त्यांनी तीनदा मांडामांड केली. मी वैतागून त्यांना कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघात पाठवलं, आणि तिथं त्यांनी औषधपेढी काढली.

कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. कॉलनी सगळी आमच्याच वयाची. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी जायचं. तेरावं झालं की घरचे लोक वॉकर, कमोडची खुर्ची आणि उरलेली औषधं संघाला द्यायचे. एवढी महागाची औषधं टाकायची कशी? हे पिशवी भरून घरी आणायचे आणि व्हरांड्यात पेपर पसरून बसायचे. पाकिटं जागा खातात म्हणून एकेक गोळी फोडून बाहेर काढायची. मग लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरायची. बरण्यांवर चिठ्ठ्या, त्यांच्या ठसठशीत अक्षरात: गुडघे. साखर. रक्तदाब. पोट. झोप. मुंग्या. कारखान्यात जसं बेअरिंगचा खण, बोल्टचा खण, तसं.

लोक यायचे. निकमसाहेब, गुडघ्यानं छळलंय हो. हे उठून बरणी काढायचे, कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून द्यायचे. दवाखान्यात जायचं म्हणजे मुलाला रजा काढायला लावायची, सुनेचं तोंड बघायचं. त्यापेक्षा हे सोपं. बाहेर पडताना प्रत्येक जण म्हणायचा की साहेबांचे फार उपकार. मीही आतून चहा पाठवायची आणि मनातून फुलून जायची. खोटं कशाला सांगू.

माझ्या तळपायांना तेव्हा मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्यांचा एक कोर्स दिला होता, तो संपला. यांनी विचारलं, राहिल्या का मुंग्या? म्हटलं, थोड्या आहेत. तेव्हापासून जेवण झालं की हे माझ्या तळहातावर एक गोळी ठेवायचे आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला द्यायचे. गोळी कसली, कुठली, मी कधी विचारलं नाही. नवरा आपल्यासाठी आठवणीनं उठतो, याचंच कौतुक होतं.

गिरणीच्या प्रकारानंतर रेवाला पाळणाघरात घातलं. वैजूनं ते मला सांगितलं नाही. माझ्या समोर बसून यांना सांगितलं. बाबा, आईवर आता नाही सोडता यायचं, तिची चूक नाही, पण नाहीच. मी तिथंच खुर्चीवर होते. भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलावं तसं ते दोघं माझ्याबद्दल बोलत होते. हे मान हलवत होते. नंतर यांनी गॅसचं बटण सिलिंडरपाशीच बंद करायला सुरुवात केली आणि दूध स्वतः तापवायला लागले. कधी नव्हे ते भांडीसुद्धा घासली. इतके मायेनं वागत होते की मला रडू यायचं. आणि त्याच मायेपोटी त्यांनी ती गोळी सकाळीही सुरू केली. शिरांना चांगली असते म्हणाले, डोक्यालाही बरं वाटेल.

संध्याकाळ झाली की मी गेटपाशी उभी राहायची. वैजू पाळणाघरातून रेवाला घेऊन जाताना दिसायची. रेवा माझ्याकडे हात पसरायची. वैजू थांबायची, मला तिचा पापा घेऊ द्यायची, पण कडेवरून उतरवायची नाही. लोक म्हणतात म्हातारपणी काही मागू नये. मी दुसरं काहीच मागत नव्हते, तेवढी पोर मला पुन्हा हातात हवी होती.

अशात विट्याला अक्काच्या नातवाचं बारसं निघालं. अक्का माझी थोरली बहीण. यांना संघाच्या कार्यक्रमाची तयारी होती, म्हणून मला एसटीत बसवून दिलं. जाताना एका डबीत गोळ्या भरून दिल्या, तीनतीनदा बजावलं. विट्याला पोचल्यावर पिशवी उपसली तर डबी नाही. घरीच, दुसऱ्या पिशवीत विसरून आले होते. फोन करून सांगायचं कसं? बाई गोळ्याही विसरली, असं झालं असतं. म्हणून फोन केलाच नाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. झोप येईना, अंगाला घाम, जिवाची नुसती घालमेल. आणि मग एका सकाळी अक्काच्या सोप्यात वाद निघाला, धाकट्या काकांचं लग्न दुष्काळाच्या आधी की नंतर. मी लसूण सोलत होते. मान वरसुद्धा न करता मी साल सांगितलं, मांडव कुठं होता ते सांगितलं, बुंदी कमी पडली म्हणून कोण कुणावर तडकलं तेही सांगितलं. सगळे हसले. माझा हात मात्र लसणावर तसाच राहिला. शब्द न शोधता तोंडात आले होते. जीभ ओली होती.

अक्का म्हणाली, "आलीस तवा नुसती झोपंत चालल्यावानी व्हतीस गं. म्या भ्याले हुते. आता कशी मालन दिसाय लागलीस."

त्या दिवशी मी खूप विचार केला. विट्याचं पाणी बदललं, हवा बदलली, हे खरं. पण मला माझ्या मनात माहीत होतं, काय बदललं ते.

घरी आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी मी यांना विचारलं, ती गोळी कुठल्या बरणीतली? हे खूश झाले. उठून बरणी काढून दाखवली. मुंग्या. त्यात थोरात गुरुजींचा माल जास्त, म्हणाले. थोरात गुरुजी आमच्याच कॉलनीतले, नुकतेच वारलेले; साखरेचे जुने रोगी, पायांची आग आग व्हायची, शेवटी शेवटी उभं राहवत नव्हतं. आडवा-उभा पहिलवान गडी. मी त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हते.

"डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हणाले. "बरणी घेऊन."

हे कशाला कशाला करत राहिले, पण आले. मी पदराखाली बरणी धरली होती. डॉक्टर तरुण होते, आमच्या ओळखीचे. त्यांनी बरणीतल्या गोळ्या एका ट्रेमध्ये ओतल्या आणि वरचे बारीक छाप बघत चिमट्यानं बाजूला करायला लागले. बघता बघता तीन ढीग झाले. तिन्हींतल्या गोळ्या पांढऱ्या, गोल. यातल्या ताकदीच्या फक्त एवढ्या, त्यांनी एका ढिगावर चिमटा ठेवला. बाकीच्या नसांच्या दुखण्यावरच्या आणि बऱ्याच जोराच्या. थोरात याच डॉक्टरांचे रोगी, त्यांना त्या हळूहळू वाढवत नेल्या होत्या, सारखी तपासणी करून. उतारवयात औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साठत राहतं. मग माणूस गुंगीत असतो, धडपडतो, विसरतो, आणि घरचे समजतात, वय झालं. मलाही त्यांनी बोलणी दिली. अशी औषधं मनानं एकदम बंद करायची नसतात, तुमचं नशीब म्हणून निभावलं. यापुढं घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या, पाकिटासकट, पिशवीत घालून मला आणून दाखवायच्या.

मग यांच्याकडे वळून त्यांनी साधेपणानं विचारलं, "काका, या बरणीतल्या आणखी कुणाकुणाला दिल्यात?"

कारखान्यातल्या प्रत्येक नटाचा हिशेब ज्याला पाठ होता, तो माणूस बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला. रिकामी बरणी मांडीवर घेऊन बसून राहिला.

परत येताना हे माझ्या दोन पावलं मागं चालत होते. वाटेत रसवंतीच्या बाकावर बसले. मला वाटलं पाय दुखले. मान खाली घालून म्हणाले, "वैजूला सांगू नकोस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि डोक्यात तिडीक गेली.

"म्हणजे मी वेडी ठरले ते चालेल?"

"चालेल असं कसं म्हणू? पण तिच्यासमोर मान वर करता यायची नाही मला. सव्वीस जानेवारीला संघानं माझा सत्कार ठेवलाय. पत्रिका वाटून झाल्यात."

संसारात आम्ही खूप भांडलो. पण त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि असं खाली वाकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला राग आला होता, कीव आली होती, आणि माझ्या नवऱ्याला हे मागावं लागतंय याची माझीच मला शरम वाटत होती. म्हटलं, मी गप्प बसते. पण उद्या उजाडल्यावर दिल्या तेवढ्या सगळ्या गोळ्या दारोदार जाऊन परत आणायच्या. मी बरोबर येणार.

आम्ही गेलो. हे दारात सांगायचे, गोळ्यांची मुदत संपलीय, परत द्या, आणि डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. लोक पुड्या आणून द्यायचे आणि वर म्हणायचे, किती काळजी घेता साहेब, सख्खा मुलगा घेत नाही. बसा, चहा घ्या. प्रत्येक घरात हेच. कदमांच्या घरी त्यांची म्हातारी खुर्चीत होती, तोंड उघडं, मान एका बाजूला. मागच्या महिन्यात न्हाणीत पडून मनगट मोडलेलं, हात गळ्यात. ही म्हातारी म्हणजे कॉलनीत तोंडाची फटकळ, तिच्यापुढं भाजीवालासुद्धा टिकायचा नाही. सून चहाचा ट्रे ठेवत म्हणाली, "काका, तुमची गोळी चालू केल्यापासून आत्याबाई अगदी शांत झाल्यात बघा. कसलाच त्रास नाही."

यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग त्या सुनेला म्हणाले, ताई, आत्ताच्या आत्ता यांना डॉक्टरांकडे नेऊ, मी रिक्षा आणतो. ती नको नको म्हणत होती. हे रिक्षा आणायला गेले आणि मी त्या खुर्चीपाशी बसले. माझ्यासमोर मीच बसले होते. फरक एवढाच, की मी डबी विसरले होते.

सगळ्या बरण्या रिकाम्या करून गोळ्या दवाखान्यात नेऊन दिल्या. संघात यांनी सांगितलं, आता वयानं होत नाही, पेढी बंद. त्यामुळे सत्कार जास्तच थाटात झाला. व्यासपीठावर शाल, श्रीफळ. वैजू पहिल्या रांगेत, मांडीवर रेवा. मी शेजारच्या खुर्चीत. रेवा माझ्याकडे झेपावली तेव्हा वैजूनं तिच्या हातात बिस्कीट दिलं आणि शेजारच्या बाईंना हळू आवाजात सांगितलं, आईला आता तेवढं भान राहत नाही हो. यांनी वरून ते पाहिलं. बोलणं ऐकू आलं नसेल, पण पाहिलं. माईक पुढं केला तेव्हा ते आभार म्हणाले आणि खाली बसले. ती शाल पुन्हा कधी त्यांच्या खांद्यावर दिसली नाही.

मी बरी झाले. वैजूलाही ते दिसत होतं. आता ठीक वाटतेस गं, म्हणायची. पण पोर कुणी डोळ्यांदेखत पणाला लावत नाही, मीही लावली नसती. रेवा पाळणाघरात वाढली, मग शाळेत गेली. रविवारी आईबरोबर यायची, आईबरोबर जायची. माझ्याकडे एकटी कधी राहिली नाही. आणि मी दळण न्यायला गेले की छबू आवाज द्यायची, "काकी, काय इसरलं न्हाई न्हवं?" ती गंमत करायची. मी हसायची.

हे मागच्या दिवाळीनंतर गेले. शेवटच्या दुखण्यात एकदा माझा हात धरून म्हणाले, तू वैजूला बोलली नाहीस. मी म्हटलं, पाणी हवंय का? त्या वेळी बोलून काय उपयोग होता.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी वैजू आणि रेवा आल्या. रेवा आता उंचीनं माझ्या वर गेलीय. वैजूच्या हातात यांच्या औषधांची पिशवी होती, आणि माळ्यावरून तिनं त्या बरण्या काढल्या होत्या. आतून धुऊन, वरून पुसून. यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्याच होत्या.

"आई, बाबांची पेढी परत सुरू करू या. त्यांच्या नावानं. मी बघते सगळं."

व्हरांड्यात पेपर पसरून ती बसलीसुद्धा. अगदी बापासारखी मांडी घालून. पाकीट हातात घेतलं, अंगठ्यानं पहिली गोळी फोडली, आणि समोरची बरणी ओढली. मुंग्या.

मी तिच्या हातावर हात ठेवला. मग सांगितलं. थोरात गुरुजी, विटा, डॉक्टरांचा ट्रे, रसवंतीचं बाकडं, कदमांची म्हातारी. जसं झालं तसं, काही न सोडता. मला सारखं वाटत होतं की मी यांना उघडं पाडतेय, आणि माझाच आवाज मला ऐकवत नव्हता. वैजू बरणीवरच्या अक्षराकडे बघत होती. तिचे कान लाल झाले, लहानपणी चोरी पकडल्यावर व्हायचे तसे.

"मग तू इतकी वर्षं..." ती म्हणाली. वाक्य पुरं करायला मी तिला मदत केली नाही. ती गोळी तिनं पाकिटाच्या फाटलेल्या खळग्यात परत बसवायचा प्रयत्न केला. बसली नाही. मग सगळ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या नखानं सोडवून काढल्या, एकही न फाडता, आणि आपल्या पर्समध्ये ठेवल्या.

पर्सची चेन लावून तिनं आत बघून हाक मारली. "रेवा, मोबाईल ठेव. आजीला दळण आणायचंय. तू जा तिच्याबरोबर."

"तू येतेस?" रेवानं विचारलं.

"नाही. तुम्ही दोघीच जा."

गिरणीवर छबूनं डबा वजनाला ठेवला, रेवाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकी, ह्या खेपंला प्वार आठवनीनं न्हेवा बरं का."

रेवाला काही कळलं नाही. रस्ता ओलांडताना ट्रॅक्टर येत होते, म्हणून मी तिचा हात धरला. पलीकडे गेल्यावर तिनं विचारलं, त्या काय म्हणत होत्या? मी तिला सांगायला लागले. तिच्या भुवयांवर पीठ कसं बसलं होतं, हातात गुळाचा खडा होता, आणि ती कशी हसत होती. ती खो खो हसत सुटली. घर येईपर्यंत मी हात सोडला नाही, तिनंही सोडवून घेतला नाही.

वैजू दारातच उभी होती. डोळे सुजलेले होते. तिनं आमच्या हातांकडे बघितलं.

"आई, पीठ कुठंय?"

डबा गिरणीवरच राहिला होता.